गुपचूपरावांच्या चेनमधली वाळू

गुपचूपराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव वाचनालयाच्या हजेरीपत्रकात होतं आणि सव्वीस वर्षांत ते तिथून कधी बाहेर पडलं नाही. हे दुसरं नाव त्यांना गावानं दिलं, ते त्यांच्या सायकलमुळे. त्यांची सायकल वाजत नसे.

आता सायकल म्हटली की काही ना काही वाजणारच, असं तुम्ही म्हणाल. गुपचूपरावांपुढे म्हणून बघायचं होतं. घंटी त्यांनी पहिल्याच वर्षी काढून टाकली होती. मडगार्डच्या तारांना जुन्या बनियनच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. ब्रेक दाबला की किंचित चीं होतं, म्हणून ते ब्रेक दाबतच नसत. थांबायचं असलं की उजव्या पायाचा तळवा रस्त्यावर घासत. त्यामुळे त्यांचा उजवा बूट डाव्याच्या निम्म्या आयुष्यात संपे, आणि घरात पलंगाखाली धडधाकट डाव्या बुटांचा एक ढीग साठला होता. पाय मारायचे थांबवले की मागचं फ्रीव्हील टिकटिक करतं, म्हणून ते पाय थांबवत नसत. उतारावरही नाही. शाळेसमोरच्या उतारावर सगळं गाव पाय वर करून मजेत खाली जायचं आणि हा माणूस घामाघूम होऊन पायडल मारत असायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? तर पुस्तकांसाठी. वाचनालयानं त्यांना ठेवलं होतं ते थकलेली पुस्तकं परत आणायला. लोक पुस्तक नेतात तेव्हा मोठे सज्जन असतात, पण मुदत उलटली की त्यांचे कान तिखट होतात. वाचनालयाची सायकल गल्लीच्या तोंडाशी खडखडली की इकडे दाराला आतून कडी आणि पुस्तक गादीखाली. गुपचूपरावांच्या आधी या कामावर जे गृहस्थ होते त्यांची चेन अशी काही वाजायची, की त्यांना आयुष्यात एकही वाचक घरी सापडला नाही. त्यांना वाटायचं, गावातली माणसं फार फिरतीवर असतात.

गुपचूपरावांनी हे रोग्याच्या नाडीसारखं ओळखलं. सगळा दोष चेनमध्ये होता.

मग दर रविवारी सकाळी घराच्या बोळात त्यांची बैठक बसायची. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी. चेनचं लॉक पक्कडीनं काढायचं, चेन उतरवायची आणि कडांवर टवके उडालेल्या एका ताटलीत रॉकेलमध्ये भिजत घालायची. अर्धा तास तिच्याकडे बघायचंही नाही. मग जुना टूथब्रश घ्यायचा आणि एकेक कडी घासायची. एकशे बारा कड्या. आधी बाहेरून, मग आतून, मग मधल्या रुळाला बोटानं फिरवून. फडक्यानं कोरडी करायची, उन्हात टांगायची, पुन्हा चढवायची. मग शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घ्यायची आणि प्रत्येक रुळावर एक थेंब. दोन नाही. "तेल आत पाहिजे, बाहेर नको," हे त्यांचं आवडतं वाक्य. बाहेर राहिलेलं तेल धूळ ओढतं आणि धूळ बोलायला लागते. म्हणून शेवटी कोरडं फडकं चेनवर धरून पायडल उलटं फिरवत बसायचं, फडक्यावर काळा डाग उमटायचा थांबेपर्यंत. मग चेनला कान लावायचा. काहीच ऐकू आलं नाही की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं की बघणाऱ्याला वाटावं, यांना आतून कुणीतरी शाबासकी दिली.

घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची बायको. म्हणजे वर्षाला जुने टूथब्रश निघून निघून किती निघणार? चेनला ते पुरत नसत. मग गुपचूपराव बायकोचा ब्रश उजेडात धरून निरखायचे आणि म्हणायचे, "तुझा संपला गं." ती म्हणायची, "अहो, परवाच काढलाय!" पण ब्रश तोवर रॉकेलमध्ये गेलेला असायचा.

अशा चेनच्या जोरावर त्यांनी गावातल्या भल्याभल्यांना पाणी पाजलं. एक दातांचा डॉक्टर रोग्याला आ करून बसवून, त्याच्याच छातीवर पुस्तक उघडं ठेवून वाचत असताना सापडला. गुपचूपराव खिडकीतून हळूच म्हणाले, "डॉक्टर, सातशे तीन." ते पुस्तकांना नंबरानंच हाक मारत. डॉक्टरनं मुकाट्यानं पुस्तक मिटून दिलं आणि मग कुठे रोग्याला तोंड मिटता आलं. एक पहिलवान कादंबरी वाचून ढसाढसा रडताना सापडला. त्यानं पुस्तक दिलं, पण खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "हे बाहेर गेलं तर बघा." ते बाहेर गेलं नाही.

या सगळ्याचा त्रास एकाच माणसाला झाला, बायकोला. ती ओट्याशी पाठमोरी उभी असायची आणि मागून अचानक आवाज यायचा, "चहा आहे का?" रोज संध्याकाळी सातला त्या घरातून एक किंकाळी ऐकू येई. शेजारपाजारचे लोक त्यावर घड्याळ लावत.

"अहो, निदान खोकत तरी या!" ती म्हणायची.

"सवय नाही गं," ते म्हणायचे, आणि खरंच नव्हती.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुपचूपराव स्वतः पुस्तकं वाचत नसत. वाचता येत होतं, पण वेळच मिळाला नाही. रविवार चेनमध्ये जायचा. त्यांचं सगळं वाचन बायकोकडे सोपवलेलं होतं. लग्न ठरवताना तिच्या मामांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "मुलगी वाचते बरं का!" तेव्हा लग्नानंतर पंधराव्या दिवशी त्यांनी मोठ्या हौसेनं एक पुस्तक घरी आणलं. निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड कादंबरी, पानं चारशे बारा, नंबर अकराशे सत्तेचाळीस. आठवड्यानं त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

बायकोनं भाजी चिरता चिरता क्षणभर थांबून सांगितलं, "शेवट जरा घाईत उरकलाय."

गुपचूपराव थक्क झाले. असं बोलणारं माणूस आपल्या घरात! दुसऱ्या दिवशी त्यांनी हे वाचनालयात सांगितलं. तिथे एकानं ती कादंबरी वाचलेली होती. त्यानं मान हलवून म्हटलं, "अगदी बरोबर बोलल्या." झालं. तेव्हापासून दर आठवड्याला एक पुस्तक घरी येई, आठ दिवस उशाशी राही आणि परत जाई. "कसं वाटलं?" "शेवट जरा घाईत उरकलाय." कधी कधी ती वर एवढं जोडायची, "पण माणसं चांगली आहेत." हळूहळू वाचनालयाच्या कमिटीपर्यंत तिचं नाव गेलं. नवी पुस्तकं घेताना अध्यक्ष गुपचूपरावांना बाजूला घेऊन विचारू लागले, "वहिनींचं काय मत?" सव्वीस वर्षं गावाचं वाचनालय या मतावर चाललं, आणि वाईट चाललं असं कुणीच म्हणालं नाही.

तर या वर्षी अध्यक्षांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. अध्यक्षांचं रंगांचं दुकान होतं. त्यांनी आपल्याच दुकानातला रंग वापरून, आपल्याच हातानं एक भलामोठा फलक रंगवला: 'आमच्या वाचनालयाचे एकही पुस्तक थकलेले नाही.' तो महिनाअखेरीला दर्शनी भिंतीवर लावायचा होता. फलक वाळल्यावर त्यांनी वही तपासली, तर सतरा पुस्तकं थकलेली निघाली. त्यांत सगळ्यात जुनी थकबाकी अकराशे सत्तेचाळीसची, चौदा महिन्यांची.

"फलक पुसता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "ऑइलपेंट आहे. तेव्हा पुस्तकं आणा. तीस तारखेला संध्याकाळी सहाला कमिटी बसते. तोवर सगळी आली, विशेषतः ते निळं, तर तुम्हाला आतल्या टेबलावर खुर्ची. नाही आलं तर हे सायकलचं पद बंद. एक तारखेपासून घरी बसा."

गुपचूपरावांना खुर्ची हवी होती. अगदी मनापासून हवी होती. वय चौपन्न, गुडघे उतारावरसुद्धा पायडल मारून मारून कामातून गेलेले. आणि घरी बसायची त्यांना धास्तीच होती. चोवीस तास घरी बसून बायकोला रोज नवं काय विचारायचं?

अकराशे सत्तेचाळीस होतं मोठ्या बाईंकडे. या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त, मागच्या गल्लीत एकट्या राहत. गावातल्या अर्ध्या माणसांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, अध्यक्षांनीही. त्यामुळे त्यांना बोलायची कुणाची टाप नव्हती. गुपचूपराव दर आठवड्याला जात. बाई दारात उभ्या राहून थंडपणे सांगत, "सापडत नाही."

योगायोग असा की गुपचूपरावांची बायकोही चौदा महिने रोज दुपारी तीन ते पाच बाईंकडे शिवण शिकायला जात होती. चौदा महिन्यांत एक रुमाल शिवून झाला होता, तोही तीनच बाजूंनी. गुपचूपरावांना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट त्यांनी तिला गळ घातली, "अगं, तू तिथे असतेसच. निळं पुस्तक कुठे दिसतं का बघ ना जरा."

"मी शिवत असते तेव्हा मान खाली असते," ती म्हणाली.

एकदा ते स्वतःच अवेळी, भर दुपारी, बाईंच्या दारात उगवले. नेहमीसारखे, हवेतून प्रकट व्हावं तसे. बायको खुर्चीवर बसली होती. बाई म्हणाल्या, "या, आलाच आहात तर बसा." ते तासभर बसले. त्या तासात बायको खुर्चीवरून तसूभर हलली नाही. पाणी बाईंनीच आणून दिलं. आपल्या नवऱ्याला उठून पाणीसुद्धा देऊ नये, याचं गुपचूपरावांना थोडं वाईट वाटलं.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी चेन बोलायला लागली.

सकाळी गुपचूपराव सायकलवर बसले, पहिलं पायडल मारलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. चेनमध्येही चर्र झालं. त्यांनी उतरून बघितलं. कड्यांमध्ये बारीक पांढरी वाळू. रविवारी स्वतः घासलेली, फडकं डागाळायचं थांबेपर्यंत पुसलेली चेन! त्यांनी कामाला दांडी मारून ती पुन्हा रॉकेलमध्ये घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळू. मग हे रोजचंच झालं. रोज सकाळी ते चेन घासत आणि रोज आंघोळ करून येईतो ती पुन्हा कुरकुरत असे. त्यांच्या नाकी नऊ आले. गल्लीत शिरायच्या आत दारं धडाधड लागायला लागली. दातांच्या डॉक्टरनं तर आवाज ऐकून रोग्यालाच पुस्तकावर बसवलं.

कोण हे करतंय? गुपचूपरावांनी सतरा थकबाकीदारांची यादी काढली आणि प्रत्येकावर संशय घेतला. बायकोलाही विचारलं. ती म्हणाली, "वारा असेल."

"वारा बरोबर चेनमध्येच कसा जातो?"

"वाऱ्याचं काय सांगावं," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

मग त्यांनी वाळूचा नमुना कागदाच्या पुडीत घेतला आणि गावभर हिंडले. बांधकामावरची वाळू जाड होती. नदीची काळपट होती. शेवटी बाईंच्या खिडकीतल्या कुंड्यांपाशी ते वाकले, चिमूट उचलली आणि पुडीशी ताडून पाहिली. हुबेहूब! त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोठ्या बाई! अडुसष्ट वर्षांच्या बाई पहाटे पदर खोचून, कंपाउंडवरून उडी मारून आपल्या बोळात उतरतात आणि चेनमध्ये वाळू टाकतात, असं एक चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते त्यांना पूर्णपणे पटलं. आपल्या बुद्धीचं त्यांना कौतुकच वाटलं.

एकवीस तारखेला त्यांनी बेत आखला. सकाळी वाळू पडलीच होती. ती तशीच ठेवून ते कुरकुरत घरातून निघाले, म्हणजे शत्रूला वाटावं की सगळं ठीक आहे. दुपारी बाईंच्या गल्लीच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीमागे थांबले. तिथे त्यांनी पिशवीतून ताटली, रॉकेलची बाटली, ब्रश आणि तेलाची कुपी काढली, आणि तिथेच, मातीत बसून, चेन उतरवली. एकशे बारा कड्या. एकेक थेंब. कोरडं फडकं. पायडल उलटं फिरवून कान लावला: काही नाही. अंगाला पीठ लागलेला गिरणीवाला बाहेर येऊन बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "कुणाचं दुखणं आहे का?"

"आहे," गुपचूपराव म्हणाले आणि सायकलवर बसले.

साठ पावलांचं अंतर. आयुष्यात इतक्या हळू, इतक्या मुक्यानं ते कधी गेले नव्हते. बाईंच्या खिडकीखाली बूट घासून थांबले आणि सायकल भिंतीला टेकवली. पडद्याच्या फटीतून आत बघायच्या आधी त्यांच्या कानांवर आवाज आला. कुणीतरी वाचत होतं, एकेक अक्षर दगडासारखं उचलत.

"ना... वा... डी... नावाडी. दो... र... सो... डे... ना. नावाडी दोर सोडेना."

बाई पोरांच्या शिकवण्या घेतात वाटतं, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी फटीला डोळा लावला. टेबलावर निळं पुस्तक उघडं होतं आणि ओळीखाली बोट धरून वाचत होती ती त्यांची बायको.

"छान," बाई म्हणाल्या. "पण सत्तावन्न पानं उरलीत अजून. आणि तुझे गुपचूपराव तीस तारखेला हे घेऊन जाणार. मी तरी किती दिवस सापडत नाही म्हणू? अगं, सोपं काहीतरी वाच की. हेच कशाला हवं?"

"हेच पाहिजे बाई. यांनी आणलेलं पहिलं पुस्तक हेच. मला अक्षर येत नव्हतं, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, शेवट घाईत उरकलाय. त्यांना इतका आनंद झाला हो! मग सांगायची हिंमतच झाली नाही. सव्वीस वर्षं तेच बोलतेय. निदान हे एक तरी खरं आहे का ते बघायचंय मला."

"आणि ते आत्ता आले तर? त्या दिवशी तासभर पुस्तकावर बसलीस."

"येऊ देत. तुमच्या कुंडीतली वाळू घातलीय चेनमध्ये. कोपऱ्यापासून ऐकू येतील."

गुपचूपराव खिडकीशी उभे होते. हात लांब केला असता तर निळा पुठ्ठा बोटांना लागला असता. 'बाई, अकराशे सत्तेचाळीस,' एवढं म्हटलं की काम फत्ते आणि तीस तारखेला खुर्ची. त्यांनी तोंड उघडलंही. पण आत बायको पुढच्या ओळीवर गेली होती आणि 'प्रवाह' या शब्दाशी तिची झटापट चालली होती. तीनदा तिनं तो सोडला आणि तीनदा धरला. चौथ्यांदा जमला तेव्हा ती स्वतःशीच हसली. सव्वीस वर्षांत गुपचूपरावांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं? ते मागून यायचे, आणि ती किंचाळायची.

आपण किती गाढव आहोत हे एखाद्या माणसाला इतक्या शांततेत कळू नये. त्यांनी सायकल अलगद उचलली, खांद्यावर घेतली आणि गिरणीपर्यंत पायी परत गेले.

तिथे त्यांनी खिशातली पुडी काढली. नमुन्याची वाळू. एक क्षण स्वच्छ, चमकत्या चेनकडे बघितलं, आणि डोळे मिटून ती सगळी पुडी तिच्यावर रिकामी केली. गिरणीवाला म्हणाला, "अहो, आत्ताच तर..."

"दुखणं तिकडे नव्हतं," गुपचूपराव म्हणाले.

मग ते कुरकुरत, करकरत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे बाईंच्या दारी गेले. बाई दारात आल्या. मागे बायको मान खाली घालून तीन बाजूंचा रुमाल शिवत होती. खुर्चीत ती जराशी उंच बसली होती.

"सापडत नाही," बाई म्हणाल्या.

"सावकाश शोधा," गुपचूपराव म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्या दिवसापासून चेनची जी दशा झाली ती बघवत नव्हती. सकाळी बायको गुपचूप वाळू घाली. ती कमी पडू नये म्हणून कोपऱ्यावर गेल्यावर गुपचूपराव स्वतः आणखी मूठभर घालत. फडक्यानं पुसणं नाही, तेल नाही, रविवारी बैठक नाही. रविवारी रिकाम्या हातांनी ते बोळात नुसतेच बसून राहिले आणि सायकलकडे बघणं त्यांनी टाळलं. आता ती सायकल नुसती वाजत नव्हती, ती रडत होती, ओरडत होती, दळत होती. कुत्री मागे लागत. तान्ही मुलं जागी होत. आणि भलतंच झालं. ज्यांच्या दारात ती येऊन उभी राही, त्यांना ती तिथून जावी असं इतकं वाटे, की लोक कोपऱ्यावरच पुस्तकं हातात घेऊन उभे राहायला लागले. "हे घ्या, पण आत येऊ नका!" डॉक्टरनं पुस्तक दिलं, वर दात फुकट बघून देतो म्हणाला. पहिलवानानं खिडकीतून दोन फेकली. आठवड्यात सतरापैकी सोळा पुस्तकं जमा. सव्वीस वर्षं जे मुकेपणानं साधलं नव्हतं ते आठवड्याच्या बोंबलण्यानं साधलं. अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "आता एकच राहिलं. खुर्ची झटकून ठेवलीय."

गुपचूपराव रोज मनात हिशोब करत. तिच्या वेगानं दिवसाला फार तर सहा पानं. नऊ दिवस, चोपन्न. तीन कमी पडत होती. कधी नव्हे ते त्यांना वाटलं, महिना एकतीसचा असता तर!

तीस तारखेला ते साडेपाचला बाईंच्या गल्लीत शिरले. मुद्दाम गिरणीला दोन चकरा मारल्या, म्हणजे आत आवाज पोहोचावा आणि पुस्तक लपवायला वेळ मिळावा. मग दारात आले. दार उघडंच होतं. पाच वाजून गेले तरी बायको खुर्चीतच होती. निळं पुस्तक टेबलावर उघडं होतं, बोट ओळीखाली. ती उठली नाही आणि पुस्तकही लपवलं नाही.

"तुमचा आवाज ऐकला मी," ती म्हणाली. "कोपऱ्यापासून ऐकला. लपवणार होते. पण तीनच पानं राहिलीत हो."

गुपचूपरावांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. इथून वाचनालय दहा मिनिटांवर होतं.

"वाच," ते म्हणाले आणि समोरच्या स्टुलावर बसले.

ती वाचायला लागली. नवऱ्यासमोर अक्षरं आणखीच जड झाली होती. 'प्रवाह' आता सरळ आला, पण 'स्वच्छ' अडला. पावणेसहा झाले. लोकांच्या मागे लागून, खिडक्यांतून डोकावून, हातातली पुस्तकं ओढून आणण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते गुपचूपराव हात मांडीवर ठेवून बसले होते. "लवकर" हा शब्द त्यांच्या जिभेवर तीनदा आला आणि तिन्ही वेळा त्यांनी तो गिळला. घड्याळात सहाचे ठोके पडले तेव्हा एक पान आणि चार ओळी राहिल्या होत्या. तिकडे कमिटी बसली असेल, अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं असेल. गेली खुर्ची, असं त्यांच्या मनात आलं. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. बायको ठोके ऐकून थांबली आणि तिनं वर पाहिलं.

"सहा वाजले?"

"वाजू देत. तू पुढचं वाच."

तिनं वाचलं. चारशे पानं नदीतच अडकलेली नाव शेवटच्या त्या पानात एकदम काठाला लागली. दोन ओळींत नदीवर पूल झाला, तिसऱ्या ओळीत वीस वर्षं रुसलेला भाऊ परत आला, चौथ्या ओळीत नावाड्यानं नाव विकली, आणि तो कुठे गेला हे न सांगताच खाली 'समाप्त' आलं. तोही शब्द तिनं बोट ठेवून वाचला. मग पान उलटून पाहिलं. मागे कोरंच होतं.

दर आठवड्याला विचारायचे तसंच गुपचूपरावांनी विचारलं, "कसं वाटलं?"

ती पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि त्यातच तिला संतापही आलेला दिसत होता.

"अहो," ती म्हणाली, "शेवट खरंच घाईत उरकलाय!"

गुपचूपरावांनी मान डोलावली. या वेळी त्यांनीही तो ऐकला होता.